‘ए’ही नाही, ‘बी’ही नाही

आजारांना नावे कशी पडतात यावर वर्गात एक वेगळा तास घेता येईल. काहींना लक्षणावरून नाव मिळते, जसे कावीळ. काहींना ते पहिल्यांदा ओळखणाऱ्या डॉक्टरचे नाव मिळते, तर काहींना एखाद्या गावाचे. पण ‘हा अमुक नाही आणि तमुकही नाही’ एवढेच सांगणारे नाव चौदा वर्षे मिरवणारा आजार आम्हांला एकच माहीत आहे. १९७५ ते १९८९ या काळात वैद्यकाच्या पुस्तकांत त्याची नोंद ‘नॉन-ए, नॉन-बी हेपटायटिस’ अशी होत असे. आज आपण त्याला हेपटायटिस सी म्हणतो.

या नावामागचा इतिहास सहसा प्रयोगशाळांच्या बाजूने सांगितला जातो. तो तसा रंजक आहेच. पण या विषाणूची खरी ओळख ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून झाली, ते लोक प्रयोगशाळेत नव्हते. ते दर तीन आठवड्यांनी रुग्णालयाच्या खाटेवर हात लांब करून पडणारे होते. थॅलेसेमियाची मुले आणि हीमोफिलियाचे रुग्ण यांना दुसऱ्याच्या रक्तावर जगावे लागते, आणि त्यामुळे त्या रक्तातून जे जे येईल ते सर्व सोसावे लागते. या लेखात आपण त्यांच्या बाजूने हा इतिहास पाहू.

आधी थॅलेसेमियाची थोडी ओळख करून घेऊ. डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ टॉमस कूली यांनी १९२५ मध्ये काही मुलांचे वर्णन केले. मुले फिकट होती, प्लीहा वाढलेली, चेहऱ्याची हाडे रुंदावलेली. ही मुले बहुतेक इटालियन आणि ग्रीक कुटुंबांतली होती, म्हणून पुढे आजाराला ग्रीक भाषेतल्या ‘समुद्र’ या शब्दावरून नाव पडले. भूमध्य समुद्राचा तो आजार असे तेव्हा वाटत होते. प्रत्यक्षात तो तिथून थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात आढळतो. आपल्याकडे सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत त्याच्या वाहकांचे प्रमाण जास्त आहे, त्यामुळे मुंबई, उल्हासनगर, पुणे इथल्या शिक्षकांना वर्गात असे एखादे मूल भेटलेले असू शकते. भारतात दरवर्षी सुमारे १०,००० मुले हा आजार घेऊन जन्मतात असा अंदाज आहे.

दोष हीमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेत असतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. (मेंडेलचे वाटाणे शिकवताना हे उदाहरण वाटाण्यांपेक्षा जास्त काळ लक्षात राहते असा आमचा अनुभव आहे.) अशा मुलाच्या तांबड्या पेशी पुरेशा बनत नाहीत आणि बनतात त्या टिकत नाहीत. उपाय एकच, बाहेरून रक्त देणे. दोन ते चार आठवड्यांनी एकदा, आणि जन्मभर.

रक्त देणे सुरू झाले की दुसरी अडचण येते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. आपल्या शरीरात लोह शोषून घेण्याची व्यवस्था आहे, पण जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची नाही. अन्नातून मिळणारे लोह इतके थोडे असते की त्या व्यवस्थेची कधी गरजच पडली नसावी. मग हे लोह यकृतात, हृदयात, अंतःस्रावी ग्रंथींत साठत जाते. १९६०च्या दशकात डेस्फेरॉक्झमीन हे लोहाला पकडून लघवीवाटे बाहेर नेणारे औषध आले. पण ते गोळीने घेता येत नाही. छोट्या पंपाला जोडलेली सुई रात्री पोटाच्या कातडीखाली खुपसायची आणि आठ-दहा तास ते औषध थेंबाथेंबाने जाऊ द्यायचे, असे आठवड्यातून पाच-सहा रात्री. ज्या मुलांनी हे निष्ठेने केले ती वाढली, शाळेत गेली, कॉलेजात गेली. १९८०च्या सुमारास डॉक्टरांना वाटू लागले होते की हा आजार आता आटोक्यात येतो आहे.

आणि त्याच वेळी या मुलांच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे बिघडलेले दिसत होते. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतली काही विकरे रक्तात उतरतात, त्यांचे प्रमाण वाढलेले असे. लोहामुळे असेल, असे म्हणून ते बाजूला ठेवले जाई.

ही समजूत अगदीच चुकीची नव्हती. लोह यकृत बिघडवतेच. म्हणून तर खरा चोर इतका वेळ लपून राहू शकला.

आता थोडे मागे जाऊ. १९६३ मध्ये अमेरिकेत बारूक ब्लुंबर्ग हे माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांमध्ये काय काय फरक असतात याचा शोध घेत होते. त्यांची युक्ती साधी होती. ज्याला अनेकांचे रक्त वारंवार दिले गेले आहे, त्याच्या शरीराने परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असणार. तेव्हा अशा माणसाचा रक्तरस घ्यायचा आणि जगभरातून आणलेल्या नमुन्यांशी त्याची गाठ घालून द्यायची. हीमोफिलियाच्या एका रुग्णाचा रक्तरस ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तरसाशी भेटला आणि दोहोंच्या मध्ये एक पांढुरकी रेघ उमटली. या अनोळखी पदार्थाला त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हटले. काही वर्षांनी कळले की तो हेपटायटिस बी विषाणूच्या वेष्टनाचा तुकडा होता. ब्लुंबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. त्या प्रयोगातला अर्धा भाग मात्र हीमोफिलियाच्या त्या रुग्णाचा होता, कारण त्याचे शरीर कितीतरी अनोळखी लोकांच्या रक्ताला आधीच भेटून आले होते.

ब्लुंबर्ग यांच्याबरोबर तेव्हा हार्वे ऑल्टर नावाचे तरुण डॉक्टर काम करत होते. पुढे ते वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रक्तपेढीच्या कामात आले. तिथे हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर त्यांनी लक्ष ठेवले. १९६०च्या दशकाअखेरीस अशा सुमारे ३० टक्के रुग्णांना रक्त दिल्यानंतर हेपटायटिस होत होता. तेव्हा अमेरिकेत रक्त विकत घेतले जाई आणि विकणारे बहुधा गरजू, व्यसनी, तुरुंगातून सुटलेले असत. १९७० मध्ये त्या रुग्णालयाने फक्त ऐच्छिक रक्तदात्यांचेच रक्त घ्यायचे ठरवले आणि हेपटायटिस बीची चाचणीही सुरू केली. प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास उतरले. एका निर्णयाने इतका फरक पडल्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

पण उरलेल्या १० टक्क्यांचे काय? १९७३ मध्ये स्टीफन फाइनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेपटायटिस एचा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली शोधला. ऑल्टर यांच्या शीतपेटीत जुन्या रुग्णांचे नमुने जपून ठेवलेले होतेच. त्यांत ‘ए’ असेल अशी अपेक्षा होती. एकाही रुग्णात तो सापडला नाही. १९७५ मध्ये शोधनिबंध छापून आला, त्याचा निष्कर्ष म्हणजेच आपल्या लेखाचे शीर्षक. ‘सी’ हे नाव त्यांनी मुद्दाम दिले नाही, कारण विषाणू एक आहे की अनेक तेच माहीत नव्हते. हा संकोच आम्हांला वैज्ञानिक वृत्तीचा चांगला नमुना वाटतो. फक्त ते नाव लवकरच बदलेल असे त्यांना वाटले होते, ते घडले नाही.

वर्गात करण्याजोगे एक गणित

थॅलेसेमिया आणि हीमोफिलियाच्या रुग्णांना हा धोका किती होता, हे समजायला संभाव्यतेचे एक साधे गणित पुरते. समजा, शंभर रक्तदात्यांत एक जण बाधित आहे. (हा आकडा आपण केवळ गणितासाठी धरला आहे.) अपघातात सापडलेल्या माणसाला दोन बाटल्या रक्त दिले, तर तो सुटण्याची शक्यता ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे सुमारे ९८ टक्के. काळजीचे कारण नाही. आता थॅलेसेमियाच्या मुलाला महिन्याला दोन पिशव्या लागतात असे धरू. वर्षाला २४. ०.९९ चा २४वा घात करा, उत्तर येते सुमारे ०.७९. दहा वर्षांत २४० पिशव्या, आणि ०.९९ चा २४०वा घात सुमारे ०.०९. म्हणजे दहा वर्षांची होईपर्यंत शंभरांतली केवळ नऊ मुले सुटतील.

बाधित दात्यांचे प्रमाण हजारात एक इतके खाली आणले तरी दहा वर्षांत शंभरांतली २१ मुले सापडतातच. सर्वसाधारण रुग्णाला ‘सुरक्षित’ असलेले रक्त या मुलांना सुरक्षित नसते. विद्यार्थ्यांना गणकयंत्र देऊन हे करून पाहायला सांगावे, सांगून पटत नाही ते आकड्यांनी पटते.

हीमोफिलियाचे गणित आणखी वेगळे आहे. या रुग्णांना तांबड्या पेशी नको असतात, रक्त गोठवणारे एक प्रथिन हवे असते, ज्याला फॅक्टर ८ म्हणतात. १९६०च्या दशकाच्या मध्यावर जुडिथ पूल या संशोधिकेच्या लक्षात आले, की गोठवलेले रक्तद्रव हळूहळू वितळवले तर तळाशी जो साका राहतो त्यात हे प्रथिन भरपूर असते. त्यामुळे एकेका दात्याच्या रक्तापासून औषध बनवता येऊ लागले. पुढे कारखान्यांत हजारो लोकांचे रक्तद्रव एकत्र करून त्याची भुकटी बनवली जाऊ लागली. ती घरच्या फ्रिजमध्ये ठेवता येई, रुग्ण स्वतःच टोचून घेई. सांध्यात रक्त साठून जन्मभर पांगळे होणारी मुले सायकल चालवू लागली. या भुकटीचे त्या काळी किती अप्रूप होते हे विसरून पुढचा भाग वाचू नये.

पण दहा हजार लोकांचे रक्तद्रव एका भांड्यात! हजारात एक बाधित धरला तरी भांड्यात दहा जणांचा विषाणू असणारच. इथे पिशव्या मोजण्याचे कारणच उरले नाही. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेल्या अभ्यासांत दिसले, की ही भुकटी आयुष्यात पहिल्यांदाच घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला नॉन-ए, नॉन-बी हेपटायटिस होत होता. त्याही आधी, १९७८ मध्ये, शेफील्डच्या डॉक्टरांनी काहीच त्रास नसलेल्या हीमोफिलियाच्या काही रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले होते. बाहेरून धडधाकट माणसांच्या यकृतात दीर्घकाळ चाललेल्या आजाराच्या खुणा होत्या. तरीही ‘सौम्य आजार’ हा शिक्का लवकर पुसला गेला नाही. या विषाणूची लबाडी हीच आहे. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. बाधितांपैकी सुमारे ३० टक्के लोक औषधाविना बरे होतात, उरलेल्यांत विषाणू ठाण मांडतो आणि वीसेक वर्षांत त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांचे यकृत निबर होऊन जाते.

ब्रिटनमधल्या एका शाळेचा उल्लेख शिक्षकांसाठी असलेल्या मासिकात टाळता येणार नाही. हॅम्पशायर परगण्यातल्या ट्रेलोर या निवासी शाळेत अपंग मुलांबरोबर हीमोफिलियाची मुले शिकत. शाळेच्या आवारातच उपचार केंद्र होते, त्यामुळे पालकांना ती फार सोयीची वाटे. १९७० ते १९८७ या काळात तिथे शिकलेल्या अशा १२२ मुलांपैकी सुमारे ३० जणच आज हयात आहेत. दूषित भुकटीतून एचआयव्ही आणि हेपटायटिस दोन्ही त्यांच्यात शिरले. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी आयोगाने मे २०२४ मध्ये अहवाल दिला. संपूर्ण ब्रिटनमध्ये ३०,००० हून अधिक लोक रक्त आणि रक्तजन्य औषधांतून बाधित झाले, सुमारे ३,००० मेले. ट्रेलोरच्या मुलांवर त्यांना किंवा पालकांना नीट न सांगता संशोधन केले गेले, असेही त्या अहवालात म्हटले आहे. पालकांचा शाळेवर विश्वास होता, मुलांचा डॉक्टरांवर.

विषाणू पकडला गेला तो न पाहता. १९७८ मध्ये चिंपांझींना रुग्णांचे रक्त टोचून हा आजार संसर्गजन्य असल्याचे सिद्ध झाले होते. मग संसर्गजन्य रक्तरसात क्लोरोफॉर्म मिसळला तर संसर्ग होत नाही असे दिसले. म्हणजे विषाणूला चरबीचे वेष्टन असणार. एवढ्या धाग्यावरून विषाणूचे तोंडही न पाहता त्याला मारण्याचा मार्ग निघाला. चरबी विरघळवणारे द्रावण आणि साबणासारखा पदार्थ वापरून, किंवा भुकटी ८० अंश सेल्सियसला ७२ तास तापवून १९८५ नंतर फॅक्टर ८ सुरक्षित करता येऊ लागले. हीमोफिलियाच्या रुग्णांची नवी पिढी वाचली.

थॅलेसेमियाची मुले वाचली नाहीत. त्यांना जिवंत तांबड्या पेशी लागतात. त्या ८० अंशाला तापवता येत नाहीत, आणि साबणाने धुता येत नाहीत, कारण पेशीचे स्वतःचे आवरणही चरबीचेच असते. त्यांच्यासाठी एकच वाट होती, बाधित रक्त आधीच ओळखून बाजूला काढणे. आणि चाचणी तर नव्हती.

ती चाचणी कॅलिफोर्नियातल्या कायरन कंपनीत तयार झाली. मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ हे तिथे काम करत होते. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातले डॅनियल ब्रॅडली त्यांना चिंपांझींचा रक्तरस पुरवत. ब्रॅडली यांनी आपल्या चिंपांझींना बाधित करण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांत हीमोफिलियाचे फॅक्टर ८ ही होते, हे इथे लक्षात ठेवावे. या रक्तरसातल्या सगळ्या जनुकीय द्रव्याचे तुकडे करून ते जिवाणूंच्या विषाणूंत घालायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापले प्रथिन बनवील. मग या लाखो प्रथिनांवर रुग्णाचा रक्तरस ओतायचा. त्यातली प्रतिपिंडे ज्या प्रथिनाला चिकटतील तो तुकडा विषाणूचा. पुन्हा ब्लुंबर्ग यांचीच युक्ती, रुग्णाच्या शरीराने जे ओळखले आहे त्यालाच साक्षीला बोलवायचे! वर्षानुवर्षे अपयश आले. शेवटी सुमारे दहा लाखांतून एक तुकडा चिकटला. एप्रिल १९८९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले आणि विषाणूला नाव मिळाले.

चाचणी खरी की खोटी हे ठरवायला ऑल्टर यांनी आपल्या शीतपेटीतले नमुने सांकेतिक क्रमांक घालून कायरनला पाठवले. याआधी अनेक प्रयोगशाळांचे दावे याच नमुन्यांनी खोटे पाडले होते. या वेळी उत्तरे बरोबर आली. २०२० मध्ये ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना नोबेल मिळाले. चू, कुओ आणि ब्रॅडली राहिले. त्याआधी २०१३ मध्ये चू आणि कुओ यांना वगळले म्हणून हॉटन यांनी कॅनडाचा प्रतिष्ठेचा गेर्डनर पुरस्कार नाकारला होता. तीनच नावांचा नियम करणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

चाचणी आली तरी ती सगळीकडे एकदम पोचली नाही. जपानने १९८९ च्या अखेरीस, अमेरिकेने १९९० मध्ये, ब्रिटनने सप्टेंबर १९९१ मध्ये ती रक्तपेढ्यांत सुरू केली. आपल्याकडे १९८९ मध्ये एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली होती, पण हेपटायटिस सीची सक्ती व्हायला २००१ साल उजाडले. मधल्या दहा-अकरा वर्षांत काही मोजक्या रक्तपेढ्या ती करत, बाकीच्यांना परदेशी संचाचा खर्च झेपत नसे. वरचे गणित आठवा. १९९० मध्ये जन्मलेल्या थॅलेसेमियाच्या मुलाने या काळात अडीचशेच्या आसपास पिशव्या घेतलेल्या असणार. शिवाय रक्त विकणारे धंदेवाईक दाते तेव्हा आपल्याकडेही होते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. आमच्या मते या मुलांच्या दृष्टीने हा निकाल कोणत्याही औषधाइतकाच मोलाचा होता. बेथेस्डात १९७० मध्ये जे दिसले होते ते इथे पोचायला २८ वर्षे लागली.

ज्यांना आधीच बाधा झाली होती त्यांचे काय झाले? इटलीतल्या पेझारो गावी गुइदो लुकारेल्ली अस्थिमज्जारोपण करून थॅलेसेमिया बरा करत. तिथल्या रुग्णांच्या यकृतांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून एमानुएले आंजेलुच्ची आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की लोह आणि विषाणू दोघेही स्वतंत्रपणे यकृत निबर करतात, आणि दोघे एकत्र आले तर नुकसान सर्वांत जास्त. ‘लोहामुळे असेल’ या जुन्या शंकेचे उत्तर असे मिळाले.

उपचार प्रथम इंटरफेरॉनचा होता. जे हूफनागल यांनी तो १९८६ मध्ये, म्हणजे विषाणू सापडण्यापूर्वीच, करून पाहिला होता. १९९८ पासून त्याच्या जोडीला रिबाव्हिरिन आले. पण रिबाव्हिरिन तांबड्या पेशी फोडते. इतरांना थोडा अशक्तपणा येई. थॅलेसेमियाच्या रुग्णाला मात्र त्यामुळे आणखी रक्त द्यावे लागे, आणि आणखी रक्त म्हणजे आणखी लोह. अनेक डॉक्टर त्यांना हे औषध द्यायला कचरत.

ही कोंडी डिसेंबर २०१३ मध्ये सोफोस्बुव्हिरला अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा फुटली. हे औषध विषाणूच्या स्वतःच्या नकला काढणाऱ्या विकराला अडवते, तांबड्या पेशींना हात लावत नाही. बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर होती, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतातल्या सात कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले आणि २०१५ पासून आपल्याकडे ते काही शे डॉलरांत, पुढे त्याहून कमीत मिळू लागले. थॅलेसेमिया, हीमोफिलिया आणि सिकलसेल या तिघांसाठी म्हणून मुद्दाम केलेल्या एका चाचणीत अशाच प्रकारच्या नव्या गोळ्यांनी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त झाले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत दिली जातात.

असे मूल आपल्या वर्गात असेल तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. हेपटायटिस सी डबा वाटून खाल्ल्याने, शेजारी बसल्याने, खोकल्याने पसरत नाही, तो रक्तातून रक्तात जातो. आणि उपचारांनी विषाणू गेला तरी प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे जुनी चाचणी ‘बाधित’ असेच दाखवत राहते. विषाणू खरोखर आहे की नाही हे त्याच्या आरएनएची चाचणी केल्यावरच कळते. ही प्रतिपिंडे पुढच्या संसर्गापासून वाचवत नाहीत आणि या रोगावर लस नाही. रक्त घेणे तर चालूच असते, म्हणून बऱ्या झालेल्या मुलाचीही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.